पाऊल उचलेना

आषाढ-श्रावणात लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यात कुठेही जा, सोयाबीनच्या पाती धरून उकिडव्या बसलेल्या बाया दिसतात. हातात खुरपं, डोक्यावर पोत्याची खोळ आणि दिवसभर बैठक एकच: दोन्ही गुडघे पूर्ण दुमडलेले, भार पावलांवर, बसल्या बसल्या पुढे सरकत राहायचं. आठवडाभर अशी खुरपणी झाली की एखादीच्या सकाळी उठल्यावर ध्यानात येतं, उजवं पाऊल वर उचलत नाही. चालताना अंगठा जमिनीला घासतो, चप्पल निसटते, पायरी चढताना गुडघा नको तेवढा वर घ्यावा लागतो. दुखत फारसं नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलावर थोडी बधिरता असते, पण तिची तक्रार कोण करतो! घरात निदान झालेलंच असतं: वारं गेलं. तेल लावून चोळणं सुरू होतं. आठ दिवसांनी कुणीतरी म्हणतं, कंबरेत नस दबली असेल, एमआरआय काढून घ्या.

एमआरआयमध्ये काही ना काही निघतंच. चाळिशी ओलांडलेल्या, जन्मभर ओझी उचललेल्या माणसाच्या कंबरेच्या चकत्या कोऱ्या असणं अवघड. फोटोत चकती सरकलेली दिसते म्हणजे पाऊल तिच्यामुळेच पडलं, असं मात्र नाही. इथे उपयोगी पडते ती ईएमजी-एनसीव्ही ही तपासणी. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात चिठ्ठीवर ही अक्षरं पडली की पेशंट तिला सरळ ‘करंटची तपासणी’ म्हणतो आणि थोडा धास्तावतो. धास्तावण्यासारखं तिच्यात फार काही नाही. पण ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याबद्दल मात्र पेशंटइतकाच गोंधळ कधी कधी चिठ्ठी लिहिणाऱ्याच्याही मनात असतो.

पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना हुकूम पोचवणारी नस कंबरेतून निघते, नितंबातून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या मागे तिला दोन वाटा फुटतात. त्यातली बाहेरची वाट गुडघ्याच्या किंचित खाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला, बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येते. तिथे तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी, एवढंच पांघरूण. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती नेमकी याच वळणावर ताणली आणि दाबली जाते. पायावर पाय टाकून बसणाऱ्यांना, झटपट वजन उतरवलेल्यांना आणि गुडघ्याखाली घट्ट प्लास्टर घातलेल्यांनाही हाच त्रास होतो. कुष्ठरोगालाही हीच जागा आवडते, म्हणून चांगला डॉक्टर यंत्राकडे वळण्याआधी बोटांनी ती नस चाचपून पाहतो. दोरीएवढी जाड आणि दुखरी लागली तर तपासणीची दिशाच बदलते.

आता तपासणी. पावलाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या घोट्याच्या पुढे, बोटं ताणली की एक छोटा मांसल उंचवटा हाताला लागतो. त्या स्नायूवर एक चकती चिकटवतात. मग नसेला तीन जागी झटका देतात: घोट्यापाशी, हाडाच्या मानेच्या खाली आणि मानेच्या वर, गुडघ्याच्या मागे. एकेक झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा, फार तर दोन हजाराव्या. बोटं टुणकन उडतात, पेशंट एकदा दचकतो, मग हसतो. पडद्यावर प्रत्येक झटक्यामागे एक डोंगरासारखी लाट उमटते. समजा घोट्यापासून ५ मिलिव्होल्टची लाट आली, मानेच्या खालून तेवढीच आली आणि मानेच्या वरून झटका दिल्यावर ती १ वर घसरली. म्हणजे हुकूम निघतोय, खालची वाटही शाबूत आहे, अडलंय ते मधल्या चार-पाच बोटांच्या अंतरात. कंबरेच्या एमआरआयमध्ये काहीही दिसो, या पायाचं दुखणं गुडघ्यापाशी आहे.

हे चित्र दिसलं तर बातमी बहुधा चांगली असते. नसेतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. नुसतं तेवढंच चिरडलं असेल तर ते काही आठवड्यांत, फार तर दोन-चार महिन्यांत पुन्हा चढतं आणि पाऊल उचलू लागतं. ऑपरेशन नको, इंजेक्शनं नकोत. बैठक बदलायची आणि पाऊल लोंबू नये म्हणून पट्टा वापरायचा. पण घोट्यापासूनचीच लाट बारीक झाली असेल तर आवरणाच्या आतला तंतूच मेलेला असतो, आणि मग हिशेब महिन्यांचा नाही, वर्षांचा.

नसेच्या वेगाचा हिशेब तसा शाळेतल्या गणिताचा. हाताच्या नसेला मनगटापाशी झटका दिला तर अंगठ्याच्या स्नायूला ३.५ मिलिसेकंदांनी जाग आली, कोपरापाशी दिला तर ७.५ मिलिसेकंदांनी. फरक ४. दोन जागांतलं अंतर टेपने मोजलं, ते २२ सेंटिमीटर. भागाकार केला की वेग सेकंदाला ५५ मीटर. हाताच्या नसेचा साधारण ५० किंवा त्याहून जास्त वेग निरोगी समजतात. पायाचा थोडा कमी असतो. १८५० मध्ये हर्मान हेल्महोल्ट्झने कोनिग्सबर्गला बेडकाच्या पायात हा वेग पहिल्यांदा मोजला, तो सेकंदाला तीसेक मीटरच्या घरातला निघाला. त्याचे गुरू योहान्स म्युलर यांचं मत होतं की हा वेग माणसाला कधीच मोजता येणार नाही. माणसावर, दवाखान्यात उपयोगी पडेल अशी पद्धत बसायला मात्र दुसरं महायुद्ध संपावं लागलं. युद्धात नसा तुटलेले सैनिक हजारोंनी होते आणि कुणाची नस शिवायची, कुणाची तशीच सोडायची, हे ठरवायला काहीतरी हवं होतं.

या मोजणीत माणसं चुकतात ती अगदी साध्या गोष्टींत. थंड नस हळू चालते. कातडीचं तापमान एक अंशाने उतरलं तरी वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने पडतो. डिसेंबरात उदगीरहून पहाटेच्या गाडीने आलेल्या माणसाला तसंच एसीच्या खोलीत टेबलावर घेतलं तर त्याच्या चांगल्या नसाही आजारी ठरतील. कातडी ३२ अंशांपर्यंत यावी म्हणून हातपाय कोमट पाण्यात ठेवायला सांगतात ते याचसाठी. दुसरी अडचण तेलाची. आठ दिवस चोळलेलं तेल कातडीत मुरलेलं असतं आणि चकती नीट चिकटत नाही. त्या सकाळी तेल, मलम काही न लावता साबणाने अंघोळ करून यावं. उपाशी यायची गरज नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगावं.

झटक्यांनंतर सुई. इंजेक्शनच्या सुईपेक्षा बारीक, तिच्यातून औषध जात नाही, वीजही जात नाही. ती फक्त ऐकते. अशी एकाच सुईत दोन टोकं बसवलेली सुई एड्रियन आणि ब्राँक यांनी १९२९ मध्ये आणली आणि सोबत लाऊडस्पीकर जोडला. आजही ही तपासणी करणारा डॉक्टर पडद्याकडे जितका बघतो तितकाच कान देतो. निरोगी स्नायू स्वस्थ असताना गप्प असतो. ज्याची नस मेली आहे तो स्नायू मात्र कुणी सांगितलं नसताना टपटप करत राहतो, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. मग पेशंटला सांगतात, पाऊल उचलायचा प्रयत्न करा, आणि किती तंतू कामाला येतात, त्यांच्या लाटा मोठ्या की बारीक, हे बघतात. नसेच्या आजारात उरलेसुरले तंतू शेजाऱ्यांचं काम अंगावर घेतात, त्यामुळे लाटा थोड्या पण अवाढव्य होतात. स्नायूच्याच आजारात लाटा पुष्कळ, पण बुटक्या.

खुरपणीवाल्या पायाचा निकाल इथे पक्का होतो. कंबरेतल्या पाचव्या मुळावर चकती दाबत असेल तर पाऊल आत वळवणारा स्नायूही अशक्त असतो, कारण त्याची नस वेगळी असली तरी मूळ तेच. दोष नितंबात किंवा मांडीत असेल तर मांडीच्या मागचा एक छोटा स्नायू बिघडलेला सापडतो. गुडघ्याच्या वर याच वाटेची फांदी घेणारा तो एकटाच. तिथे सुई गप्प असेल आणि नडगीवरच्या स्नायूत टपटप असेल तर दोष त्याच्या खाली. शरीराचा नकाशा पाठ असलेल्या माणसाच्या हातात सुई असेल तरच हे होतं. यंत्र कितीही महाग घेतलं तरी कुठल्या स्नायूत सुई घालायची हे ते सांगत नाही.

मांडीच्या वरचा दोष आपल्याकडे येतो तो बहुधा इंजेक्शनच्या सुईनेच. तापलेल्या पोराला कमरेत इंजेक्शन दिल्याशिवाय बापाचं समाधान होत नाही आणि गावातल्या डॉक्टरचा धंदा होत नाही. नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात द्यायची सुई मधोमध बसली की औषध मोठ्या नसेत जातं. पोरगं किंचाळतं आणि त्याच दिवसापासून पाय ओढू लागतं. पोलिओ असताना यातून मोठा घोळ होई. भारतात रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातला. पण आजही पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर आरोग्य खात्याला कळवावं लागतं आणि चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने जातात. तपासणीत दोहोंतला फरक स्वच्छ दिसतो. पोलिओ मज्जारज्जूतल्या हुकूम देणाऱ्या पेशी मारतो, संवेदनेच्या तंतूंना हात लावत नाही. त्यांची लाट पूर्ण येते. इंजेक्शनने दोन्ही जातात.

सुईच्या तपासणीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली तर ती वेळेची. नस तुटल्यावर ते टपटपणं सुरू व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी घाईने सुई घालून ‘काही नाही’ असा कागद घेतला तर तो कागद खोटा नाही, पण त्यावर विसंबून हातावर हात ठेवून बसणं घातक.

वेळेचा दुसरा पेच गीयाँ-बारे सिंड्रोमचा, म्हणजे जीबीएसचा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला याचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले आणि त्या साथीची संख्या दोनशेच्या वर गेली. बातम्यांत सारखं ‘नांदेड’ येत होतं. ते धायरी-किरकटवाडीजवळचं नांदेडगाव, गोदाकाठचं नांदेड नव्हे, पण ते ऐकून इकडे अनेकांच्या पोटात गोळा आला असणार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू सापडला आणि लक्ष विहिरीच्या, टाकीच्या पाण्याकडे वळलं. जुलाब येतो आणि जातो. दहा-पंधरा दिवसांनी, जंतूशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. आधी पायाला मुंग्या, मग जिना चढवत नाही, मग उठवत नाही. काहींच्या बाबतीत ती कमजोरी छातीपर्यंत चढते आणि व्हेंटिलेटर लागतो.

इथे गंमत अशी की पहिल्या चार-सहा दिवसांत हातापायाच्या नसांचा वेग अगदी व्यवस्थित असू शकतो. हल्ला बहुधा मुळांपाशी, मणक्याजवळ सुरू झालेला असतो आणि आपण मोजतोय मनगट आणि घोटा. म्हणून जाणकार डॉक्टर अशा वेळी एफ-लाट बघतो: झटका उलटा मज्जारज्जूकडे जातो, तिथून परत फिरतो आणि मागाहून एक छोटी लाट उमटते. ती उशिरा आली किंवा आलीच नाही तर वरच्या वाटेवर काहीतरी बिनसलंय. अर्थात उपचार या कागदासाठी थांबत नाहीत, थांबवूही नयेत. इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं तर वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. जमीन गहाण पडते ती इथे. तपासणीचं खरं काम पुढचं: आवरण गेलं की तंतू, यावरून घरच्यांना महिने सांगायचे की वर्ष, हे ठरतं.

या आजाराच्या नावातून एक माणूस गळालाय, त्याची रुखरुख मला नेहमी वाटते. १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांवरचा तो लेख तिघांनी लिहिला होता: गीयाँ, बारे आणि आंद्रे स्त्रोल. प्रतिक्षिप्त क्रियांचे आलेख काढून यंत्राची बाजू सांभाळली ती स्त्रोलने. नाव राहिलं दोघांचं.

नस शाबूत, स्नायू शाबूत आणि तरी माणूस लुळा, असंही होतं. नस जिथे स्नायूला भेटते तिथे एक अतिशय अरुंद फट असते आणि हुकूम तिथे विजेने नाही तर ॲसिटिलकोलीन या रसायनाने पलीकडे जातो. मराठवाड्यात ही फट बंद पाडणाऱ्या दोन गोष्टी घराघराच्या जवळ असतात: फवारणीचं औषध आणि मण्यार.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हे रसायन पुसून टाकणारं विकर बंद पाडतात. हुकूम एकदाच दिला, पण तो फटीत रेंगाळत राहतो. त्याचा पुरावा पडद्यावर दिसतो: झटका एक दिला की मोठी लाट आणि तिच्या शेपटाला लगेच दुसरी छोटी लाट. बाकी फार थोड्या आजारांत असं होतं. अशा विषबाधेतला सगळ्यांत फसवा टप्पा मात्र नंतर येतो. ‘औषध घेतलेला’ माणूस ॲट्रोपिनवर शुद्धीवर येतो, घाम-लाळ थांबते, बोलू लागतो, घरचे सोडायला सांगतात. मग एक ते चार दिवसांच्या दरम्यान कधीतरी त्याला उशीवरून मान उचलवत नाही. त्यानंतर श्वास थकतो. श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या टप्प्याचं वर्णन करून त्याला वेगळं नाव दिलं. सेकंदाला तीस झटके दिले की या काळात लाटा पायरीपायरीने खाली येताना दिसतात. पण जिथे ते यंत्र नाही तिथेही रोज सकाळ-संध्याकाळ ‘मान उचला’ असं पेशंटला सांगायला पैसे पडत नाहीत. हे विष पिऊनच बाधतं असंही नाही. नांदेडच्या किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करतानाच विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. काही कीटकनाशकांची बाधा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढते आणि या वेळी नसेचे लांब तंतू मारते. घरी गेलेला माणूस पाय लुळे पडले म्हणून परत येतो.

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की जाग येईलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत, गिळवत नाही. नागाचं विष फटीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसतं, म्हणून तिथे निओस्टिग्मीनने फरक पडतो. मण्यारीचं विष अलीकडची, नसेच्या टोकाची बाजूच उद्ध्वस्त करतं; ती नव्याने उगवेपर्यंत बहुतेक भार व्हेंटिलेटरवर. या पेशंटला करंटच्या तपासणीला नेण्याचा विचारही कुणी करू नये. पापण्या पुरेशा बोलक्या असतात. घरी निष्कारण वेळ न दवडता थेट जिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे तिथे न्यायचं: नांदेडकडच्यांनी विष्णुपुरीला शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरकडच्यांनी विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेत.

स्नायूच्याच आजारांबद्दल थोडक्यात. ड्युशेनसारख्या आनुवंशिक आजारात पूर्वी सुई घालून निदान करत. आता रक्तातलं सीपीके आणि जनुकाची तपासणी पुरते, सहा वर्षांच्या पोराला सुया टोचायचं कारण उरलं नाही. आणि उन्हाळ्यात रात्री भरपेट जेवून झोपलेला तरणा गडी सकाळी चारही हातपाय हलवू शकत नसेल तर आधी पोटॅशियम बघा.

उलट काही कमजोऱ्या या यंत्राला मुळीच दिसत नाहीत. खरोखरीचं ‘वारं’, म्हणजे मेंदूच्या झटक्याने गेलेलं अर्धं अंग, यात नसांचा वेग व्यवस्थित येतो, कारण बिघाड वर आहे. नुसत्या कंबरदुखीला, मानदुखीला ही तपासणी काढून सहसा हाती काही लागत नाही, तरी चिठ्ठ्या फाडल्या जातात. मधुमेहाच्या माणसाचे तळपाय जळतात, पण जळजळ वाहणारे तंतू इतके बारीक की नेहमीच्या झटक्यांना ते ओ देत नाहीत. कागद ‘नॉर्मल’ आणि माणूस रात्रभर जागा. कागदावर ‘पॉलिन्यूरोपॅथी’ आलं तरी ते आजाराचं नाव नाही. दोन्ही पायांच्या नसा सारख्याच मंदावल्यात, एवढीच ती बातमी. साखर, दारू, क्षयाच्या गोळ्या की माळकरी घरातल्या अन्नात कमी पडणारं बी-१२, हे शोधणं बाकीच असतं.

मेलेला तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटाशी कापलेली नस अंगठ्याच्या स्नायूपर्यंत दोन-चार महिन्यांत पोचते. मोठ्या माणसाच्या नितंबात मेलेल्या नसेला पावलापर्यंत जवळजवळ मीटरभर जायचं असतं, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त. आणि दीड-दोन वर्षं हुकमाविना राहिलेला स्नायू तोवर चरबी-धाग्यांत बदललेला असतो. म्हणून इजा झाल्यावर तीन-चार महिन्यांनी पुन्हा सुई घालतात. स्नायूत नव्याने आलेल्या तंतूंच्या बारीक, थरथरत्या लाटा दिसल्या, तर वाट बघायची. एकही दिसली नाही, तर नस उघडून बघायची की निरोगी स्नायूची दोरी वळवून पाऊल उचलायला लावायची, हे शस्त्रक्रियेचा डॉक्टर तेव्हा ठरवतो. त्या दिवशी त्याला पहिल्या वेळचा कागद, तारखेसकट, शेजारी ठेवून बघायचा असतो.